तीन बंद, एक चालू

अल्का हळू आहे, हे वाक्य सौंदडात पहिल्यांदा कोणाच्या तोंडातून निघालं ते मले पक्कं माहीत आहे, कारण मी तिथंच सतरंजीवर बसली होती. विहाराची मीटिंग होती. समितीचे सचिव प्रफुल्लभाऊ उभे राहिले आन् म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पन हात हळू आहे. बुद्ध पौर्णिमा काही तिच्यासाठी थांबनार नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. समितीचे अध्यक्ष देवीदासकाका, म्हणजे अल्काचा सख्खा बाप, त्यांनीही हलवली. माझ्या अंगाची अशी लाही लाही झाली की काय सांगू! आन् तेव्हा तं मले अर्धंच माहीत होतं. पुरतं समजलं त्या दिवसापासून आजपर्यंत माझा राग उतरला नाही, आन् तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी नीला. अंगणवाडीत सेविका आहे, अल्काच्या घराच्या बाजूले राहते. लोक म्हणतात, नीलाबाईच्या जिभेले हाड नाही. नसू दे. ज्यांच्या जिभेले हाडं आहेत त्यांनी काय दिवे लावले ते आता ऐका.

देवीदासकाकाचं स्टेशन रोडवर मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. धानाच्या बांध्यांले पाणी देणाऱ्या मोटरी जळल्या की लोक त्यांच्याकडे आणतात. काका जळकी तार काढतात, नवी गुंडाळतात, मोटर पुन्हा गरगर फिरते. अल्का त्या दुकानाच्या ओट्यावर वाढली. बाकीच्या पोट्ट्या भातुकली खेळत, ही बांधीतली चिकण माती आणून माणसांची तोंडं करे. फक्त तोंडं. एकदा तिनं पटवाऱ्याचं तोंड असं हुबेहूब केलं की पटवारी स्वतः पाहायले आला, आन् पाहून रागावून गेला. पुढं नागपूरले चित्रकला शिकली, तिथून हैदराबादच्या एका कंपनीत लागली. काम काय, तं कंप्युटरवर मूर्त्या घडवणे. मले आधी ते खोटंच वाटलं. माती नाही, पाणी नाही, आन् मूर्ती कशी होते वं? मंग तिनं दाखवलं. स्क्रीनवर मातीसारखा गोळा दिसतो. टेबलावर एक काळी पाटी, हातात पेनासारखी काडी. काडी दाबली की गोळा तिथं दबतो, ओढली की वर येतो. बोटानं गाल सारवावा तसा ती तो गाल सारवे. बाप्पा! मी तोंडावर हात ठेवून पाहत राहिली.

आईले लकवा मारला तेव्हा ती नोकरी सोडून घरी आली. आई गेली. अल्का परत गेली नाही, बाप एकटा पडेल म्हणून. हे मी मुद्दाम सांगून राहिली, ध्यानात ठेवा. बापासाठी थांबली होती ती.

त्याच साली, म्हणजे दोन हजार दहाच्या दिवाळीनंतर, नव्या विहारासाठी बुद्धाची मोठी मूर्ती करायचं ठरलं. पद्धत अशी, की आधी कंप्युटरवर मूर्ती घडवायची. मंग नागपूरले एक मशीन ती जशीच्या तशी थर्माकोलात कापून देते. त्यावरून साचा काढायचा, साच्यात फायबर ओतायचं. धड तं नागपूरवालाच करून देणार होता. चेहऱ्याचा प्रश्न होता. त्याच्याकडे तयार चेहरेही होते, दुकानातले, गोरे गुबगुबीत, सगळ्या गावांले एकच. अल्का मीटिंगमध्ये उठली आन् म्हणाली, "चेहरा मी घडवते. आपल्या वस्तीचा बुद्ध करते."

आन् तिनं तसंच केलं. विहाराच्या वाचनालयात एक खुर्ची मांडली आन् घराघरातून एकेक माणूस बोलावला. कोणाचा कान पाही, कोणाची हनुवटी. डोळे घेतले रुख्माबाईचे. रुख्माबाई म्हणजे आमच्या वस्तीतली रोवणीची म्होरकी, सारा जन्म चिखलात वाकून गेलेला. पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी सोडताना तिच्या पापण्या जशा खाली येतात तशा पापण्या पाहिजेत, अल्का म्हणाली. रुख्माबाई आधी हसली. "माहे डोरे? बुद्धाले? काही बी बोलतेस वं पोरी!" दुसऱ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, केसाले तेल लावून, धुतलेलं लुगडं नेसून येऊन बसली. त्यानंतर गावात ती कोणाले भेटली आन् तिनं ही गोष्ट सांगितली नाही, असं झालंच नाही.

म्हणून सांगते, त्या चेहऱ्यात एकट्या अल्काचा जीव नव्हता अडकला.

कंप्युटर विहाराचा होता. आमच्याच गावचे एक साहेब, नागपूरले मोठ्या हुद्द्यावर गेलेले, त्यांनी वाचनालयाले दान दिला होता. उद्घाटनाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "ही चार डोक्यांची मशीन आहे. चार माणसं एकाच वेळी काम करतात समजा." आम्ही टाळ्या वाजवल्या. अल्का सगळ्यांत जास्त खूश झाली, कारण तिच्या सॉफ्टवेअरले तशीच मशीन लागते. चेहरा बारीक होत जातो तसे त्यात लाखो ठिपके होतात, आन् काडी फिरली की ते सारे एकदम हलवावे लागतात. एका डोक्याचं ते काम नाही.

सुरुवातीले कामानं मस्त वेग धरला. नाक उभं राहिलं, कपाळ झालं. मंग संक्रांतीनंतर काय झालं कोण जाणे, मशीन अडून बसू लागली. अल्का गालावर काडी फिरवे, स्क्रीन तशीच. ती वाट पाहे, पाहे, आन् मंग गाल एकदम हले, तेही भलतीकडे. ओठ नीट करायले जावं तं ओठाचा कोपरा ओरबाडल्यासारखा होऊन जाये. हळू होणं एक वेळ चाललं असतं हो! पण इथं केलेलं काम बिघडत होतं. पाहणाऱ्याले काय समजते? पाहणारा म्हणे, हिचा हात बसला नाही.

तिनं काही पाहिलं नाही असं नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये किती डोक्यांनी काम करायचं ते सांगायची जागा आहे, आन् तिथं तपासायचं एक बटणही आहे. ते दाबलं की सॉफ्टवेअर आधी एका डोक्यानं काम करून पाहते, मंग दोघांनी, मंग चौघांनी. ज्यात काम लवकर होते तो आकडा ते धरते. अल्कानं माझ्यासमोर दाबलं. उत्तर आलं, एक. पुन्हा दाबलं. एक. तिनं हातानं आकडा वाढवायले पाहिलं, तं वाढेच ना.

"नीलाताई," ती म्हणाली, "ह्या मशीनमंधी एकच आहे. पन आधी तं बरी चालत होती... का मलेच तसं वाटलं?"

तिनं बापाले विचारलं. मी तिथंच होती, माझ्या कानानं ऐकलं. "बाबा, साहेबांनी चार म्हनले होते ना? मले एकच दिसून राहिला. दुकानदारानं साहेबांले फसवलं का?"

काका तार गुंडाळत होते. वर न पाहता म्हणाले, "मशीन आहे, कधी हळू चालते. साहेबांचं नाव काढू नको. आहे तशी चालव."

आहे तशी चालव!  पोरीच्या मनानं घेतलं, की आपलंच चुकत असेल. आईच्या आजारपणात सराव सुटला, बोटं जाड झाली. घरी ती कागदावर ओठ काढत बसे, बोटं सैल करायले. मले विचारे, "ताई, माह्या हाताले काही झालं तं नाही?" अशी अवस्था करून टाकली होती तिची.

आन् मंग ती मीटिंग. प्रफुल्लभाऊनं स्क्रीनवरचा तो ओरबाडलेला ओठ सगळ्यांले दाखवला आन् 'हात हळू' म्हटलं. ठराव झाला: पुढच्या रविवारपर्यंत चेहरा तयार दिसला तं ठीक, नाही तं सोमवारी नागपूरच्या तयार चेहऱ्याची ऑर्डर.  रुख्माबाई बायांच्या ओळीत बसली होती, तिनं हळूच माझा पदर ओढला. "मंग माहे डोरे नाही लागनार का वं?"

 दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अल्काले म्हटलं, "उचल तो कंप्युटरचा डब्बा. ज्या दुकानातून आला त्या दुकानात नेऊन आपटू. चार सांगून एक देते म्हणजे काय? त्याची सारी दुकानदारी बाहेर काढते मी." प्रफुल्लभाऊले सांगून आम्ही डब्बा जुन्या लुगड्यात गुंडाळला आन् गोंदियाची गाडी धरली. साऱ्या वाटेनं मी काय काय बोलायचं ते तोंडात घोळवून राहिली होती.

दुकानातला मेकॅनिक योगराज. मी उंबऱ्यातूनच सुरू झाली. तो बिचारा ऐकून घेत राहिला. मंग त्यानं डब्बा जोडला, मशीन सुरू केली, दोन-चार ठिकाणी दाबलं आन् म्हणाला, "दीदी, गुस्सा मत करो. चार ही है. तीन बंद है."

"बंद? कोनं केले बंद?" मी विचारलं.

"मैंने ही किये थे." आमच्या तोंडाकडे पाहून तो गडबडला. मंग मराठीत आला. "तुमच्या अध्यक्षांनी बलावलं होतं ना मले, संक्रांतीच्या टायमाले. देवीदासजी. ते म्हनले, लोडशेडिंगमंधी वाचनालयाचं इन्व्हर्टर लवकर बसते, संध्याकाळी पोरायले अभ्यासाले लाईट नाही राहत. मशीनचे तीन बंद कर, एकावर चालू दे, करंट कमी खाईन. मी विंडोजमंधीच सेटिंग करून देल्ली. मशीन सुरू होतानाच एक पकडते. मंग तुमचं कोनतंही सॉफ्टवेअर राहो, त्याले एकच दिसनार. मी म्हनलो बी त्यायले, की म्याडमले सांगा. ते म्हनले, सांगतो."

  दुकानदारासाठी साऱ्या वाटेनं घोळवलेल्या शिव्या आता मले आपल्याच गावी परत न्यायच्या होत्या.

योगराज माउसले हात लावायले गेला तं अल्का म्हणाली, "थांबा. मी करते." तिनं ती सेटिंग काढली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. सॉफ्टवेअर उघडलं. तपासायचं बटण दाबलं. आकडे हलले आन् थांबले. चार. तिनं ते कायमचं साठवून ठेवलं. पिशवीतून पाटी काढून जोडली, बुद्धाचा चेहरा उघडला आन् त्या बिघडलेल्या ओठावर काडी ठेवली. काडी गेली तसा ओठ गेला. न थांबता, न अडखळता, तिच्या मनात होतं तितकाच. ती पुन्हा पुन्हा तेच करत राहिली. मंग काडी खाली ठेवली आन् स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत बसली. मले तं रडूच फुटलं. तिले नाही.

उतरल्याबरोबर आम्ही वाइंडिंगच्या दुकानात. डब्बा अजून कडेवरच होता.

"बाबा, तीन तुमी बंद करायले लावले?"

काकांनी तार खाली ठेवली. खोटं नाही बोलले, एवढं मानावं लागेल. "हो. पोरं बोर्डाच्या परीक्षेले बसले होते, लाईट जाये. थ्री फेज गेली तं आपन मोटर एका फेजवर चालवतो का नाही? पानी कमी येते, पन येते. मले वाटलं, हे बी तसंच."

"मंग मले सांगतलं काऊन नाही? मी सकाळी बसली असती. संध्याकाळी मशीनले हात नसता लावला."

"तू नाही म्हनली असतीस."

"परीक्षा होरीच्या मागंपुढं झाल्या. मंग चालू काऊन नाही केले?"

"ध्यानातून गेलं."

ध्यानातून गेलं! ऐका. पोरीनं तोंडावर विचारलं, मशीनमध्ये एकच दिसून राहिला म्हणून, तरी म्हणे ध्यानातून गेलं.

"आन् मीटिंगमंधी?" अल्का म्हणाली. "प्रफुल्लभाऊ मले हळू म्हनले तवा तं ध्यानात होतं ना?"

काकांनी खाली ठेवलेली तार पुन्हा उचलली. मंग म्हणाले, "अध्यक्षानं भर मीटिंगमंधी कसं सांगावं, की साहेबांनी देल्ल्या मशीनले मीच लगाम घातला? गोष्ट साहेबांपर्यंत गेली असती. समितीची इज्जत गेली असती. तू तं माही पोरगी आहेस. घरच्या मानसानं थोडं ऐकून घेतलं तं काय बिघडते?"

आता मात्र माझा तोल गेला. "वा रे वा, काका! साहेबांची इज्जत, समितीची इज्जत, आन् पोरीची तेवढी रस्त्यावर पडली होती? एका फेजवर मोटर चालवनाऱ्यांले तुमी काय म्हनता, सांगू का? 'चालवताना अक्कल काय बांधीत पुरली होती?' असं म्हनता ना? ह्याच ओट्यावरून म्हनता! एका फेजवर जळलेल्या मोटरींवर तं तुमचं अर्धं दुकान चालते. लोकायच्या मोटरींचं समजते, पोटच्या पोरीचं नाही समजत?"

रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली. पाहू दे म्हटलं. अल्कानं माझा हात धरला. बापाकडे पाहून एवढंच म्हणाली, "मी इतके महिने माह्या हाताले दोष देत होती, बाबा." आन् डब्बा घेऊन विहाराकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात पाहते तं काय, इन्व्हर्टरजवळ एक जास्तीची बॅटरी येऊन बसलेली. काकांनी आपल्या दुकानातून आणून जोडली होती. म्हणजे इलाज घरातच होता! एक बॅटरी उचलून आणायची, बस. हे संक्रांतीले नाही सुचलं. आन् बॅटरी आणली तरी तोंड उघडलं का? नाव नाही. गावाच्या हिशेबात अल्का अजून हळूच होती, नीलाबाई तेवढी भांडखोर ठरली.

रविवारच्या आधीच चेहरा झाला. मीटिंगमध्ये तिनं स्क्रीन वळवली आन् बाजूले सरकली. सारी सतरंजी उठून स्क्रीनभोवती जमली. तो बुद्ध आमचा होता. हनुवटी पाहून कोणी म्हणे ही आमच्याकडची, कान पाहून कोणी म्हणे हा आमच्या आज्याचा. रुख्माबाई स्क्रीनच्या इतकी जवळ गेली की तिचं नाक काचेले टेकलं. "ह्याच," ती म्हणाली. "ह्याच माह्या पापन्या." आन् प्रफुल्लभाऊ काय म्हणाले असतील? म्हणाले, "पाहा, जरा दाबलं की काम होते." दाबलं की! मी उठणार होती, अल्कानं डोळ्यानं दाबलं.

बुद्ध पौर्णिमेले मूर्ती बसली. नागपूरहून साहेब आले, आजूबाजूच्या गावांतून माणसं आली, पांढऱ्या लुगड्यांनी मंडप भरून गेला. वंदना झाली. भाषणं झाली. साहेबांनी मशीनचं कौतुक केलं, प्रफुल्लभाऊनं साहेबांचं. मंग देवीदासकाका माइकवर आले. आवाज भरून आला होता त्यांचा. "ही मूर्ती माह्या पोरीनं घडवली. आमच्या अल्कानं." टाळ्या कडकडल्या. बायांच्या ओळीत रुख्माबाईच्या बाजूले अल्का बसली होती. ती उठेना. काकांनी पुन्हा नाव घेतलं. लोक वळून वळून पाहू लागले. मीच तिले कोपर मारलं. "जा वं."

ती गेली. काका शाल उघडून उभे होते. तिनं शालीकडे पाहिलं नाही, माइक घेतला. सगळ्यांले वाटलं, आता पोरगी आभार मानणार. साहेबांनी हसून मान पण हलवली.

"मी हळू नव्हती," अल्का म्हणाली. "मशीनचे तीन हिस्से बंद करून ठेवले होते. ज्यायनं बंद केले त्यायले माहीत होतं, आन् मले हळू म्हनलं तवा ते तिथंच बसले होते. जय भीम."

माइक जागेवर ठेवून ती खाली उतरली. प्रफुल्लभाऊ घाईघाईनं भोजनदानाची सूचना द्यायले धावले, तं माइक त्यांच्या हातून सुटून पडला. साहेब अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहत होते. अध्यक्षांच्या दोन्ही हातांत ती उघडलेली शाल होती, आन् पंगती उठेपर्यंत ती त्यांच्या हातातच राहिली.